आधी काटा, मग पाना : इंजिनात टायटॅनियमचे रिटेनर बसवताना

रिटेनर म्हणजे वॉल्व्हच्या स्प्रिंगवर बसून तिला धरून ठेवणारी छोटी टोपी. टायटॅनियमचे रिटेनर टाकले की गाडी जोरात पळते, हा गैरसमज आधी बाजूला ठेवा. नुसत्या रिटेनरने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. वाढतं ते इंजिनाला सुखरूप झेपणारं आरपीएम. ७००० आरपीएमला कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडलेल्या वॉल्व्हला कॅमला चिकटवून परत आणायचं काम स्प्रिंगचं. हा भार वेगाच्या वर्गाने वाढतो: ६००० चं ७५०० केलंत, तर दीडपटीहून जास्त. स्प्रिंगला तो पेलला नाही की वॉल्व्ह कॅमचा माग सोडतो, सीटवर (मिटताना टेकतो त्या कड्यावर) आपटतो आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनलाही भिडतो. स्प्रिंग कडक करता येते, पण मग कॅम आणि रॉकर (कॅमचा रेटा वॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग) झिजतात. म्हणून वॉल्व्हसोबत हलणाऱ्या भागांचं वजन कमी करायचं.

सुरुवात वॉल्व्हपासून नको, रिटेनरपासून करा. टायटॅनियमचे वॉल्व्ह कारखान्यातूनही येतात. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधल्या ७ लिटरच्या एलएस७ इंजिनात ५६ मिमीचे इनटेक वॉल्व्ह टायटॅनियमचे होते. एक्झॉस्टला मात्र सोडियम भरलेले पोकळ वॉल्व्ह. इनटेक मोठा म्हणून जड, आणि एक्झॉस्टइतका तापत नाही. खर्च तिथे वसूल होतो. पण त्या वॉल्व्हसाठी गाइड (देठ सरकतो ती नळी) आणि सीटसुद्धा साजेशा धातूच्या लागतात. रिटेनरचं तसं नाही.

माल हातात आला की तो काट्यावर ठेवा. स्टीलची घनता घन सेंटिमीटरला साधारण ७.८ ग्रॅम, ग्रेड ५ टायटॅनियमची ४.४३. त्याच आकाराचा स्टीलचा रिटेनर २० ग्रॅम असेल, तर टायटॅनियमचा साडेअकराच्या आसपास भरायला हवा. मी एकदा ऑनलाइन निळे-जांभळे झकास रिटेनर मागवले होते. घरच्या केक करायच्या काट्यावर ठेवले तर जेमतेम ७ ग्रॅम. रंग दिलेलं ॲल्युमिनियम! चुंबक ना टायटॅनियमला चिकटतो ना ॲल्युमिनियमला, त्यामुळे चुंबकाने काहीच कळलं नसतं.

मग कॉलेट. म्हणजे वॉल्व्हच्या देठावर रिटेनर अडकवणारे दोन अर्धगोल तुकडे, मिस्त्री ज्यांना लॉक म्हणतात. ते ७ अंशांचे असतात तसे १० अंशांचेही. रिटेनर ज्या कोनाचा, कॉलेट त्याच कोनाचे. कोन चुकला तर तडजोड नाही: चालत्या इंजिनात वॉल्व्ह सुटून सिलिंडरमध्ये पडतो.

पहिल्यांदा करताना हेड (वॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवूनच करा, कारण खरं काम मापाचं आहे. मुख्य स्प्रिंग बाजूला ठेवून एक हलकी, बोटांनी दाबता येईल अशी स्प्रिंग लावा, नवा रिटेनर आणि कॉलेट बसवा. आता वॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगला किती उंची मिळते ते कॅलिपरने मोजा. समजा ४० मिमी आली आणि वॉल्व्हची पूर्ण उचल ११ मिमी आहे. उघड्या वॉल्व्हला उरले २९. स्प्रिंगची सगळी वेटोळी एकमेकांवर टेकतात ती उंची २७.२ असेल, तर शिल्लक १.८ मिमी. ठीक. पण नवा रिटेनर जुन्यापेक्षा ०.७ मिमी खाली बसला, तर शिल्लक १.१ वर येते. मी १.५ च्या खाली जात नाही. अशा वेळी उंच बसणारे कॉलेट मिळतात. उलट उंची जास्त झाली असेल, तर स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घाला. हे प्रत्येक वॉल्व्हला मोजा, सोळा असतील तर सोळाही. कंटाळवाणं आहे खरं.

त्याच बैठकीत वॉल्व्ह पूर्ण उचलीइतका खाली दाबून बघा: रिटेनरचा तळ आणि गाइडवरचं ऑइल सील यांच्यातही दीड मिमी फट हवी. नसली तर सील फाटतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

खरी स्प्रिंग लावताना रिटेनरला तेल लावा. त्यावर पंच मारून नंबर टाकू नका. टायटॅनियमला ओरखडा सोसत नाही, चीर तिथूनच धरते. क्रम लक्षात ठेवायचा तर मार्करने लिहा. स्प्रिंग आणि रिटेनर यांच्यामध्ये धार किंवा कचरा नको. कॉलेट बसले की डोळ्यांवर गॉगल चढवून देठाच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच दोन टिचक्या द्या. दोन्ही तुकड्यांमधली फट सारखी दिसली पाहिजे. हेड चढवून टायमिंग जुळवलं की स्टार्टरला हात लावण्याआधी क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

पुढची काळजी वेगळी. स्टीलच्या स्प्रिंगवर टायटॅनियम घासतं, म्हणून रिटेनर कायमचे नाहीत. ड्रेन प्लगचा चुंबक त्याचा भुगा पकडत नाही. तो तेलात करड्या चकाकीसारखा दिसतो. तेल बदलताना ते पांढऱ्या कापडावर गाळा. स्प्रिंग तपासायला कव्हर उघडाल तेव्हा रिटेनरचा तळही बघा; स्प्रिंगने तिथे नखाला लागेल इतकी खाच पाडली असेल, तर तो रिटेनर काढा.

पुढे कधी वॉल्व्हही टायटॅनियमचे घातलेत, तर त्यांच्यावर ग्राइंडिंग पेस्ट चालवू नका, वरचा लेप जातो. आणि टॅपेटचा गॅप (वॉल्व्ह मिटलेला असताना देठाच्या टोकाशी राहणारी फट) दर वेळी वहीत लिहून ठेवा. तो कमी होत जाणं म्हणजे वॉल्व्ह सीटमध्ये धसत चालला आहे. दोनदा ॲडजस्ट करूनही तिसऱ्यांदा गॅप कमीच आला, तर पुन्हा ॲडजस्ट करत बसू नका, हेड उतरवा.