जनावरांच्या चिघळलेल्या जखमांवर अळी-उपचार कसा करावा

इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात श्रावणाची झड लागली की डांगी जनावरांच्या साध्या ओरखड्यातही माशी बसते आणि चार दिवसांत जखमेत अळ्या वळवळू लागतात. अशा वेळी कोणी डांबर गोळीची पूड भरतो, कोणी सीताफळाच्या पाल्याचा रस पिळतो, तर पशुवैद्यक टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा ठेवून अळ्या बाहेर काढतात. अळ्या काढण्यासाठी एवढी धडपड करणाऱ्या पशुपालकाला ‘जखमेत मुद्दाम अळ्या सोडायच्या’ असे सांगितले तर तो सांगणाऱ्याकडे संशयाने पाहणार, आणि त्याचे काही चुकत नाही. म्हणून कृतीकडे वळण्यापूर्वी या दोन अळ्यांमधला फरक नीट समजून घ्यावा.

आपल्याकडे जखमेवर अंडी घालणाऱ्या माश्यांत क्रायसोमिया बेझियाना ही माशी फार घातक आहे. तिच्या अळ्या डोके खाली खुपसून जिवंत मांस पोखरत आत जातात आणि जखम रोज मोठी करतात. उपचारासाठी वापरली जाणारी अळी ल्युसिलिया सेरिकाटा या चकचकीत हिरव्या माशीची असते. ती आपल्या पाचक रसांनी मेलेले मांस विरघळवून शोषते, त्याबरोबर जखमेतले जंतूही गिळते आणि निरोगी मांसाला सहसा धक्का लावत नाही. गोठ्यात सापडलेली अळी कोणत्या जातीची आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यामुळे आपोआप पडलेल्या अळ्या ‘जखम साफ करतील’ या आशेवर एक दिवसही राहू देऊ नयेत.

जात योग्य असली तरी अळी निर्जंतुक असावीच लागते. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने सात दिवस रणांगणावर पडून राहिलेल्या दोन जखमी सैनिकांच्या जखमा अळ्यांमुळे स्वच्छ राहिल्याचे पाहिले आणि 1928 पासून हाडांचा जंतुसंसर्ग झालेल्या मुलांवर हा उपचार सुरू केला. सुरुवातीच्या काही रुग्णांना मात्र धनुर्वात झाला, आणि त्यानंतर अंडी निर्जंतुक करून अळ्या वाढवण्याची पद्धत आली. घोडा हा धनुर्वाताला विशेष बळी पडणारा प्राणी असल्याने ही गोष्ट पशुपालकाने अधिकच ध्यानात ठेवावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये अशाच निर्जंतुक अळ्यांना माणसांसाठी मान्यता दिली.

हा उपचार घरच्या घरी करण्याचा नाही. निर्णय आणि अळ्या सोडण्याचे काम पशुवैद्यकाचे असते, पशुपालकाच्या वाट्याला पूर्वतयारी आणि राखण येते. डॉक्टर जवळ नसल्यास 1962 या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते. पू आणि सडलेले मांस असलेली, नेहमीच्या औषधांनी न हटणारी ओलसर जखम या उपचाराला योग्य ठरते. घोड्याच्या खुरात खिळा घुसून झालेला खोल संसर्ग हे त्याचे ठळक उदाहरण. छातीच्या किंवा पोटाच्या पोकळीत उघडणारी, मोठ्या रक्तवाहिनीलगतची किंवा डोळ्याजवळची जखम असेल, अथवा संसर्ग झपाट्याने पसरत असेल, तर हा मार्ग धरू नये.

गोचिडांसाठी अलीकडे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले असेल किंवा अंगावर कीटकनाशक फवारले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण त्या औषधाने सोडलेल्या अळ्याही मरतात. पोटातून किंवा इंजेक्शनने चालू असलेली प्रतिजैविके सहसा आड येत नाहीत. जखमेवर आयोडीन किंवा दुसरे जंतुनाशक लावले असल्यास ती सलाइनने भरपूर धुवावी. मृत भाग वाळून कडक झाला असेल तर तो आधी ओला गॉज ठेवून मऊ करावा लागतो, कारण कोरड्या खपलीवर अळ्या टिकत नाहीत.

अळ्या मिळाल्यापासून 24 तासांच्या आत वापराव्यात. प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला 5 ते 10 अळ्यांचे असते, म्हणजे 10 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर रुंद जखमेला 250 ते 500 अळ्या लागतील. सोडताना त्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या असतात. अळ्यांचा स्राव निरोगी कातडीला झोंबतो, म्हणून जखमेच्या कडेने संरक्षक चिकटपट्टी लावून घ्यावी. मग सलाइनने ओलसर केलेल्या सैल गॉजमधून अळ्या जखमेत ठेवाव्यात, वर बारीक नायलॉनची जाळी कडेला घट्ट चिकटवावी आणि त्यावर स्राव शोषणारी गादी हलकेच बांधावी. हवा लागली नाही तर अळ्या गुदमरतात आणि दाब पडला तर चिरडतात. खुरावर वजन पडत असल्याने तिथे पट्टी बांधणे हेच या उपचारातले सर्वांत अवघड काम आहे.

पुढचे 48 ते 72 तास जनावराला स्वच्छ, कोरड्या जागी बांधावे आणि ते पट्टी चाटणार किंवा घासणार नाही असे पाहावे. वरची गादी रोज एकदा-दोनदा बदलावी, आतल्या जाळीला हात लावू नये. तपकिरी, उग्र वासाचा स्राव येणारच, त्याला घाबरू नये. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत गॉज लवकर सुकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तो सलाइनने ओलसर ठेवावा. निफाडकडच्या पौष महिन्यातल्या थंडीत मात्र अळ्या मंदावतात, तेव्हा जनावर उबदार गोठ्यात हवे. दुसऱ्या दिवशी अळ्या मोठ्या झाल्यावर जनावर पाय आपटू लागले किंवा चारा सोडू लागले, तर वेदनाशामक द्यायला सांगावे. ताजे लाल रक्त वाहू लागल्यास मुदतीची वाट न पाहता डॉक्टरांना बोलावून अळ्या काढून घ्याव्यात.

मुदत संपली की डॉक्टर जाळी उचलतात आणि सेंटिमीटरभर लांब झालेल्या अळ्या सलाइनच्या धारेने व चिमट्याने काढतात. खाचेत एकही उरली नाही याची खात्री करून घ्यावी. अळ्या आणि पट्ट्या दोन पिशव्यांत बंद करून जाळून टाकाव्यात. उकिरड्यावर फेकल्यास त्या मातीत कोष करतात आणि काही दिवसांत माश्या होऊन त्याच गोठ्यात परततात. धुतलेली जखम लालसर, दाणेदार आणि बिनवासाची दिसली तर पुढे साधी मलमपट्टी पुरते, आणि करडा, चिकट थर उरला असेल तर नव्या अळ्यांची दुसरी फेरी करावी लागते.