आटे पाडायचेत? टॅपआधी ड्रिल नीट बघा

टॅप, म्हणजे भोकात बोल्टसाठी आटे कापायचं हत्यार, मोडला की सगळे टॅपला शिव्या घालतात, भोक कितीचं मारलं होतं ते मात्र कोणी सांगत नाही. हिशोब सोपा आहे, टॅपच्या साइझमधून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा, सगळं मिलिमीटरमध्ये. एम ६ (६ मिमीचा बोल्ट) चा पिच १ म्हणजे ५ चं ड्रिल, एम १० चा १.५ म्हणजे ८.५, एम ८ ला ६.७५ येतं पण दुकानात ६.८ मागा. एसएसमध्ये (स्टेनलेस स्टील) मारायचं असेल तर एम ६ ला मी ५.१ घेतो, आटे किंचित उथळ पडतात पण बोल्टला काही फरक पडत नाही आणि टॅप वाचतो.

पिच बघितल्याशिवाय टॅप लावूच नका, विशेषतः बाइकवर, कारण तिथे एम १० चे बरेच बोल्ट १.२५ पिचचे असतात आणि त्या भोकात १.५ चा टॅप घातला की आधी जरा जातो, मग अडतो, आणि जोर लावला की आहेत ते आटेपण खाऊन टाकतो. पिच गेज नसेल तर बोल्ट आणि टॅप एकमेकांच्या आट्यांत आडवे बसवून उजेडासमोर धरा, फट दिसली की समजा पिच वेगळा.

हँड टॅपचा सेट तीनचा येतो. पहिल्याचं तोंड लांबपर्यंत उतरतं असतं म्हणून तो सरळ धरतो, तिसरा जवळजवळ तळापर्यंत आटे पाडतो. आरपार भोक असेल तर बहुतेक वेळा तिसऱ्याची गरजच पडत नाही. मशीनवर आरपार असेल तर गन टॅप, तो चिप (कापलेल्या धातूचा कीस) पुढे ढकलतो, आणि बंद भोकाला स्पायरल, तो चिप वर काढतो. घ्यायचा तर एचएसएसच (हाय स्पीड स्टीलचा) घ्या. रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात खरे, पण धारेवरून नख फिरवून बघा, नख घसरलं तर ठेवून द्या परत.

आता मारताना. भोकाला आधी थोडं काउंटरसिंक करा, म्हणजे तोंडाची कड उतरती करा, जॉब (ज्यात आटे पाडायचेत तो तुकडा) व्हाइसमध्ये घट्ट, आणि हँडल दोन्ही हातांनी फिरवायचं, पाना लावून एका बाजूने ओढलं की टॅप गेलाच. दोन-तीन फेरे झाले की गुण्या लावून दोन बाजूंनी बघा, तिरका असेल तर तेव्हाच सुधारतो, नंतर नाही. मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मागे घेताना चिप तुटल्याचं हाताला कळतं. स्टीलला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४०, बीड (कास्ट आयर्न) आणि पितळ कोरडंच चालतं. बंद भोक असेल तर ड्रिल लागतं त्यापेक्षा थोडं खोल मारा आणि मधे मधे टॅप पूर्ण बाहेर काढून भोक साफ करा, हा कंटाळा केला की खाली चिप दाबल्या जातात आणि टॅप तिथेच अडकतो. हँडल स्प्रिंगसारखं परत यायला लागलं की थांबा हं, तिथून पुढे मोडतोच.

मोडलाच तर त्याच्यावर साधं ड्रिल मारत बसू नका, एचएसएसवर एचएसएस चालत नाही, उगाच भोक वाकडं होतं. टोक वर असेल तर पकडीने मागेपुढे हलवून बघा, नाहीतर सरळ पुण्याजवळ भोसरीत स्पार्क इरोजनवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणारं मशीनवाला) गाठा, तो टॅप जाळून काढतो आणि जॉब वाचतो. जातानाच साइझ आणि पिच सांगा, म्हणजे तो बरोबर इलेक्ट्रोड लावेल.