रिकामी यादी रिकामी राहीना

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी काका दूध संकलन करतात. वहीवरून पावत्या फाडताना त्यांचे हाल व्हायचे, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून दिली. पहिली पावती बरोबर आली: सकाळी ४, संध्याकाळी ३ लिटर. दुसऱ्या पावतीवर मात्र पहिलीचे ७ लिटरही चढलेले. शेजारची मावशी हसून म्हणाली, "माझी एकच म्हैस हाय रे बाळा, एवढं दूध कुठनं आणू?"

निम्मी रात्र मी बेरजेत चूक शोधत बसलो. ती होती पावती बनवणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, पहिल्याच ओळीत: यादी=[], म्हणजे यादी दिली नाही तर रिकामी यादी घे. मला वाटायचं, यादी दिली नाही की दर वेळी नवी कोरी मिळणार. तसं नसतं. डिफॉल्ट व्हॅल्यू (काही दिलं नाही तर वापरायची ठरलेली किंमत) फंक्शन तयार होताना एकदाच बनते. पुढच्या प्रत्येक कॉलला, म्हणजे फंक्शन वापरू त्या प्रत्येक वेळी, तीच यादी हाती येते आणि अपेंड केलेलं, म्हणजे शेवटी जोडलेलं, सगळं तिच्यातच साठत जातं. एकच बादली, अख्ख्या गावाचं दूध तिच्यात!

उपाय दोन ओळींचा. डिफॉल्ट 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवलं आणि फंक्शनच्या आत तपासलं: यादी 'नन' असेल तरच यादी = []. डिफॉल्ट साधा आकडा किंवा मजकूर असेल तर ही भानगड नाही. ते जागच्या जागी बदलतच नाहीत.

तारखेचंही तेच निघालं. आजची तारीख मी डिफॉल्टमध्येच काढली होती. स्क्रिप्ट रात्रभर चालू राहिली की सकाळच्या पावतीवर कालचीच तारीख. तीही आत हलवली. मावशीची पावती काकांनी पेनानं खोडून दुरुस्त केली.