शार्डोने शिकताना माझा सामू कुठं चुकला

बागायतदाराच्या घरातून वाईनच्या कामात उतरणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. छाटणी, भुरी, ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्या मराठवाड्यातल्या कडवंचीकडची लेकरं सायकल शिकायच्या आधी गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतात. माझं घोडं नेमकं तिथंच अडलं.

पुण्यात डब्ल्यूएसईटीच्या, म्हणजे वाईनच्या अभ्यासक्रमाच्या, लेव्हल ३ परीक्षेची तयारी करत होतो. पाचजणांनी वर्गणी काढून एक बाटली मागवली, न्यूझीलंडच्या कुम्यू रिव्हर वायनरीची 'मातेज व्हिनयार्ड' शार्डोने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन. सिंगल व्हिनयार्ड, म्हणजे एकाच बागेचा माल. शेजारच्या प्लॉटचं एक क्रेटही त्यात चालत नाही. (माते हे आईला मारलेली हाक नाही, माणसाचं नाव आहे.) ऑकलंडजवळची ही जागा क्रोएशियातून आलेल्या ब्राय्कोविच कुटुंबानं १९४४ मध्ये घेतली. माते १९९२ मध्ये गेले आणि १९९३ च्या हंगामापासून ही वाईन त्यांच्या नावानं निघते. पोरगा मायकेल न्यूझीलंडचा पहिला मास्टर ऑफ वाईन (वाईनमधली सगळ्यात मानाची पदवी), १९८९ चा. २०१५ मध्ये लंडनमध्ये लेबलं झाकून चव घेतली, तेव्हा यांच्या शार्डोनेंनी फ्रान्सच्या नावाजलेल्या बर्गंडी वाईन्सना मागं टाकलं. माझ्या वाट्याला दोन घोट आले. भाजलेला बदाम, लिंबाची साल, आणि गिळल्यावरही जिभेच्या कडेनं पाणी सुटत राहिलं.

त्या बागेत शार्डोनेचा मेंडोझा नावाचा क्लोन, म्हणजे उपप्रकार, आहे. एकाच घडात मोठे मणी आणि बारके मणी, दोन्ही. फोटो बाबांना दाखवला. ते टेबल ग्रेपवाले, मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड) देणारे. म्हणाले, "शॉट बेरीनं, बारक्या मण्यांनी, भरलाय की रे घड. जीएचा डोस चुकलाय ह्येंचा. व्यापारी फुकट बी न्यायचा न्हाई." आपल्याकडं हे नुकसान, तिथं हीच कमाई. बारक्या मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून चव दाट.

इथून माझ्या डोक्यात हवा गेली. मराठवाड्यातल्याच एका वायनरीत शिकाऊ होतो, नाव राहू द्या. मला एक बॅरल प्रयोगाला मिळालं. कुम्यूची पद्धत मला पाठ होती: हातानं तोडणी, अख्खे घड दाबायचे, बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, फ्रेंच ओकमध्ये आंबवायचं, मग पूर्ण मॅलोलॅक्टिक, म्हणजे बॅक्टेरियाकडून आंबटपणा मऊ करून घेणं. सगळं तसंच्या तसं केलं. जूनपर्यंत वाईन तपकिरी झाली आणि चवीला कोमट पाण्यासारखी.

आता नीट ऐका, कारण हे मला कुणीच धड सांगितलं नाही. मी टेबल ग्रेपच्या (खायच्या द्राक्षाच्या) सवयीनं गोडी बघून तोडणी केली. ब्रिक्स २४ च्या पुढं, मी खूश. पण मण्यात आंबटपणा दोन प्रकारचा असतो, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक, म्हणजे कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा, उन्हात मणी स्वतःच जाळून टाकतो. फेब्रुवारीअखेरीला आपल्याकडं दुपार कशी असते ते सांगायला नको. गोडी चढत असते तेव्हा खालून आंबटपणा गळत असतो, आणि रिफ्रॅक्टोमीटरला त्यातलं काहीच दिसत नाही. माझ्या रसाचा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका वर, तितका आंबटपणा कमी), ३.७ च्या वर होता. शार्डोनेला तो ३.२ ते ३.४ मध्ये बरा. मॅलोलॅक्टिकमध्ये बॅक्टेरिया मॅलिकचं लॅक्टिक करतात, कैरीचं दही झाल्यासारखं. लोण्याचा वास येतो तोही तिथूनच, बॅरलमधून नाही. पण त्यात सामू आणखी वर जातो. कुम्यूला मॅलिक भरपूर असतं म्हणून ते मऊ करायचं. माझ्याकडं होतं तेवढंही मी घालवलं. सामू एवढा चढला की वाईन टिकवायला घालतात ते सल्फरही नीट काम करेना.

म्हणजे तोडणी ठरवताना ब्रिक्स, सामू आणि मॅलिक, तिन्ही एकत्र बघा. फक्त ब्रिक्स बघणारा माणूस बेदाणे चांगले करेल.

माझे तेव्हाचे साहेब म्हणायचे, "अनुभवानं कळतं." कळतं, पण एक बॅरल वाया गेल्यावर. जो गुरू आकडे लिहून ठेवत नाही, त्याच्याकडं चहा प्या, शिकायला दुसरीकडं जा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रेसिपींबद्दल तर बोलायलाच नको. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याला लागून आहे, तिथं जाऊन प्रश्न विचारा. मूर्ख ठरायची लाज वाटते. मलाही वाटली होती, पण तिथं कुणी हसलं नाही.

परीक्षेचं फार टेन्शन घेऊ नका. लेखी आणि चव, दोन्हीत वेगवेगळे ५५ टक्के लागतात, बस. आपण शेतकऱ्याची पोरं, जीभ आपली तयारच असते. लिहिताना फळांची यादी करत बसू नका, आधी आंबटपणा किती ते लिहा. पहिल्या खेपेला मी चवीतच नापास झालो. व्हॅनिला, लोणी, अननस, सगळं लिहिलं होतं, आंबटपणा सोडून.

पुढच्या हंगामात पहाटे चारला डोक्याला बॅटऱ्या लावून तोडणी केली, ब्रिक्स २१.५ ला. रसात थोडं टार्टारिक घातलं. अर्धा माल थंड ठेवून, वेळेवर सल्फर देऊन मॅलोलॅक्टिक अडवलं, उरलेल्या अर्ध्यात होऊ दिलं, मग दोन्ही मिसळलं. कुम्यूच्या जवळपासही गेलं नाही. पण बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "आंबट हाय रं." त्या दिवशी मी साहेबांनाही पेढे दिले.