रेझ्युमेची मांडणी निवडताना या चुका टाळा

बहुतेक उमेदवार इंटरनेटवरचा एखादा देखणा नमुना उचलतात आणि आपला अनुभव त्यात कोंबतात. खरे तर आधी सर्व नोकऱ्यांच्या तारखा कागदावर क्रमाने उतरवाव्यात आणि मगच त्यांना साजेशी मांडणी निवडावी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नोकरीतील खंड झाकण्यासाठी तारखा गाळून केवळ कौशल्यांची यादी देणे. बाळंतपण, घरातील आजारपण किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांत दोन-तीन वर्षे गेली असली की हा मोह होतो. परंतु तारखा नसलेला रेझ्युमे हाती आला की भरती करणारा नेमक्या त्याच विचारतो. शिवाय पडताळणीच्या वेळी अनुभवपत्र मागितले जाते, आणि भविष्य निर्वाह निधीचे सदस्य असाल तर यूएएन या तुमच्या १२ आकडी सार्वत्रिक खाते क्रमांकाखाली नोकरीत रुजू झाल्याच्या व ती सोडल्याच्या तारखाही नोंदलेल्या असतात. त्यापेक्षा संमिश्र मांडणी घ्यावी : वर चार-पाच ओळींत कौशल्ये, खाली अलीकडची नोकरी आधी या क्रमाने अनुभव आणि खंडासाठी ‘जून २०२१ ते मे २०२३ : राज्यसेवा परीक्षेची तयारी’ अशी एक सरळ ओळ.

चाकण किंवा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत काम केलेल्यांची अडचण निराळी असते. कारखाना एकच, काम तेच, पण चार वर्षांत कंत्राटदार तीन. हे तीन स्वतंत्र नोकऱ्यांसारखे लिहिले की माणूस उगाचच धरसोड करणारा वाटतो. कारखान्याचे नाव व एकूण कालावधी एकदाच लिहून त्याखाली कंत्राटदारांची नावे तारखांसह द्यावीत. मात्र वेतन कंत्राटदाराकडून मिळत होते, हे लपवू नये.

एकाच संस्थेत पंधरा वर्षे काढलेल्यांनी प्रत्येक पदोन्नती स्वतंत्र नोंदवावी. नवख्यांनी शिक्षण, प्रकल्प आणि अप्रेंटिसशिप वर घ्यावी; वडिलांचा व्यवसाय आणि उंची लग्नाच्या बायोडेटासाठी राखून ठेवावी.

दोन रकान्यांचा नमुना सुबक दिसतो, पण अर्ज चाळणारी काही सॉफ्टवेअर डावी-उजवी ओळ सलग वाचून तारखा भलत्याच नोकरीला जोडतात. पीडीएफमधील सर्व मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. क्रम विस्कटला, तर एका रकान्याची मांडणी घ्यावी. मजकूर निवडताच येत नसेल, तर ती फाइल म्हणजे निव्वळ चित्र आहे आणि मूळ वर्ड फाइलमधून नवी पीडीएफ तयार करावी लागेल.