व्हेनेझुएलन-स्पॅनिश हॉटेलात जाताय? पाएया आधी सांगा

मायामीजवळच्या डोरालमधे व्हेनेझुएलाची माणसं भरपूर, त्यामुळे तिथे अशी नवी रेस्टॉरंट निघतच असतात. पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला स्पॅनिश भात, खायची असेल तर बसल्या बसल्या तीच ऑर्डर द्या, कारण ताजी करायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि तोवर तेकेन्योस मागवा, चीजच्या कांडीभोवती मैद्याची पट्टी गुंडाळून तळलेले असतात, पोरं एका मिनिटात फस्त करतात.

मग अरेपा. मक्याच्या पिठाची जाड भाकरीच म्हणा ना, मधे चिरून सारण भरतात, गरम असतानाच खायची, गार झाली की घट्ट होते. शाकाहारी असाल तर 'दोमिनो' मागा, त्यात काळा घेवडा आणि किसलेलं पांढरं चीज असतं, पण घेवडा शिजवताना बेकन टाकलंय का ते विचाराच, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. 'सिन कार्ने, सिन तोसिनो', म्हणजे मांस नको, बेकन नको, एवढं स्पष्ट म्हणायचं.

आणि हो, स्पॅनिश तोर्तिया म्हणजे पोळी नाही हं, बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट येतं! सोबत हिरवी ग्वासाकाका मिळाली तर सोडू नका, अवोकाडोची आंबटसर चटणी, अरेपाच्या प्रत्येक घासावर थोडी थोडी घ्या.