फ्लुरोसीन पट्टीने डोळा कसा तपासावा

कॉर्नियावरचे, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावरचे, बारीक ओरखडे साध्या उजेडात सहज नजरेतून सुटतात. फ्लुरोसीनचा रंग लावून कोबाल्ट निळ्या प्रकाशात पाहिले, की तेच ओरखडे हिरवे चमकतात. कॉर्नियाचा वरचा पेशीस्तर शाबूत असेल तेथे हा रंग धरत नाही, तो खरवडलेल्या जागीच धरतो.

आधी दृष्टी मोजून नोंदवावी आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगावी, कारण मऊ लेन्स हा रंग शोषून घेते. रंग बाटलीतील द्रावणातून न घेता स्वतंत्र वेष्टनातील, रंग लावलेल्या निर्जंतुक कागदी पट्टीवरून घ्यावा. उघड्या द्रावणात स्यूडोमोनास जिवाणू वाढू शकतो आणि जखमी कॉर्नियाला त्याच्याइतके घातक जिवाणू थोडेच असतील. पट्टीच्या टोकावर निर्जंतुक सलाईनचा एक थेंब टाकून जास्तीचे पाणी झटकावे, रुग्णाला वर पाहायला सांगावे, खालची पापणी हलकेच ओढून तिच्या आतल्या बाजूला पट्टी क्षणभर टेकवावी आणि मग त्याला काही वेळा पापण्या मिटायला सांगाव्यात. कोरडी पट्टी लावू नये आणि ती थेट कॉर्नियाला तर मुळीच टेकवू नये, कारण त्या स्पर्शाचाच डाग पुढे जखम म्हणून दिसतो. नवशिक्यांचा हात रंगाच्या बाबतीत फार सढळ असतो, परंतु दाट रंग उलट कमी चमकतो.

अश्रूंचा थर किती वेळ टिकतो हे मोजायचे असेल, तर ते भूल देणारे थेंब टाकण्यापूर्वीच मोजावे: पापण्या मिटून उघडल्यापासून थरात पहिला काळा ठिपका दिसेपर्यंतचा वेळ 10 सेकंदांहून कमी भरल्यास थर अस्थिर समजतात.

डाग दिसला, की त्याचा आकार नीट पाहावा, कारण निदानाची दिशा बहुतेक वेळा तोच दाखवतो. उभ्या समांतर रेघा दिसल्यास वरच्या पापणीखाली कण अडकलेला असण्याचा संभव असतो, म्हणून ती पापणी उलटून पाहणे टाळू नये; झाडाच्या फांद्यांसारखा डाग हर्पीस विषाणूच्या संसर्गाची शंका उत्पन्न करतो. डोळ्याला आरपार जखम असण्याची शंका असेल, तर मात्र पापणी उलटू नये, डोळ्यावर जराही दाब देऊ नये आणि रुग्णाला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. अशा डोळ्यात दाट रंगाच्या थरातून आतील पाणी पाझरताना ओघळासारखे दिसते; या चाचणीला सायडल चाचणी म्हणतात.

शेवटी सलाईनने डोळा धुवावा, रंग पूर्ण निघून जाईपर्यंत लेन्स घालू नये असे सांगावे आणि रुमालावर नाकातून पिवळसर पाणी आले तरी घाबरू नये, हेही आवर्जून सांगावे. अश्रूंची वाट नाकातच उतरते.